ओट्यावरून पडलेलं बाळ

नाशिक रोडच्या दवाखान्यात उज्वला मनगटाच्या एक्स-रेसाठी बसली होती. शेजारी एक सासू-सून येऊन टेकल्या. सुनेच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ होतं, त्याच्या डोक्याला, कानाच्या वर मऊसर टेंगूळ आलं होतं.

"गादीवरून पडलाय, खेळतोय, तर सीटी स्कॅन नको म्हणाले डॉक्टर. एवढ्याशा डोक्याला उगाच किरणं कशाला? घरी लक्ष ठेवायचंय. आई, तुम्ही रडताय का?"

"तेजू, गादीवरून नाय पडला तो."

"मग?"

"ओट्यावर बसवला व्हता. दूध उतू चाललं म्हनून वळले, तेवढ्यात खाली फरशीवर."

"मला गादी का सांगितलंत?"

"तू कामावर जाया लागून चारच दिवस झाले. वाटलं, आता तू याला माझ्यापाशी ठेवायची नाय."

उज्वलाने हातातली चिठ्ठी उगाच उलटून पाहिली.

"उठा, आत सांगू."

"डॉक्टर मला बोलतील."

"बोलू द्या. किती उंचावरून पडला, त्यावरच ठरवतात ते."

दोघी आत गेल्या. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"डॉक्टर, हा ओट्यावरून पडलाय."

"आधी का नाही सांगितलंत?"

"चुकलं माझं. मी घरी नीट विचारलं नाही."

"मग मात्र सीटी करावा लागेल. त्यात कानाच्या वर सूज आहे."

तासाभराने दोघी परत त्याच बाकावर आल्या. उज्वलाचा नंबर अजून लागला नव्हता.

"हाडाला बारीक चीर हाय म्हनले ना?"

"हो. आत रक्त साचलेलं नाही. दोन दिवस इथंच ठेवणार आहेत. याला घ्या, मी कागद भरून येते."

"माझ्याकडं?"

"मग कोणाकडं, आई? मान धरा नीट."