भावाच्या दयेच्या अर्जावरचा माझा शिक्का

मी, मा बुन-ये, वय ६१, धंदा समुद्रातलं शेवाळ वाळवण्याचा, राहणार सोमुक बेट, वरचा पाडा, दक्षिण जोल्ला प्रांत, आज ३ डिसेंबर रोजी सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात आपणहून येऊन सांगते, की कोठडीत असलेला मा गिल-सू, वय ५४, हा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. आई लवकर गेली, म्हणून त्याला मीच पाठीवर बांधून वाढवला. तो बेटावरच्या शेवाळाच्या कारखान्यात मुकादम होता. तिथल्या चोवीस वर्षांच्या कामगार मुलीवर त्याने १४ मार्चला जबरदस्ती केली आणि कोर्टात ते कबूल केलं. शिक्षा पुढच्या गुरुवारी सुनावणार आहेत.

२७ नोव्हेंबरला गावच्या सभागृहासमोर आम्ही बावीस बायका हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालत होतो. अकराच्या सुमारास गावप्रमुख प्यो जोंग-दाल, वय ६८, कागद घेऊन आले आणि उभ्यानेच वाचू लागले. गिल-सूला शिक्षा कमी व्हावी म्हणून कोर्टाला द्यायचा तो अर्ज होता. बाप दारुडा, मार वल्ह्याच्या दांड्याने, उपास, बर्फात अनवाणी उभं करणं, असं सगळं त्यात होतं. त्याच्या वकिलाने छान लिहिलं होतं. बायका डोळे पुसायला गेल्या आणि हातमोज्यांची मिरची डोळ्यांत गेल्यामुळे आणखी रडल्या. सोक-जा म्हणाली, "बिचारा गं गिल-सू!" हीच सोक-जा आपल्या सुनेला त्याच्या पाळीत कामाला जाऊ देत नसे.

आमच्याकडे सहीऐवजी नावाचा शिक्का चालतो आणि घरटी एक शिक्का गावप्रमुखांकडे बिस्किटांच्या डब्यात ठेवलेला असतो. खताच्या नाहीतर पेन्शनच्या कागदासाठी दर वेळी कोण डोंगर उतरणार? ही पद्धत चुकीची आहे हे मला कळतं. हा जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांच्या आईचाही शिक्का असाच कुठेतरी असेल.

प्यो म्हणाले, "हात धुवायची गरज नाही, बायांनो. शिक्के माझ्याकडेच आहेत, मी मारतो."

मी म्हणाले, "प्योदादा, माझा मारू नका."

"अगं बुन-ये, सख्ख्या बहिणीचाच नसला तर कोर्ट काय म्हणेल?"

"म्हणू दे काय म्हणायचं ते."

"रागाच्या भरात बोलतेयस. कोबी भर तू."

मी कोबी भरला. तिथेच डबा हिसकावून घ्यायला हवा होता, ते केलं नाही. १ डिसेंबरला वकिलाचा फोन आला. बहिणीच्या शिक्क्याने अर्जाला वजन आलं, असं म्हणून त्याने माझे आभार मानले. म्हणून आज पहिल्या बोटीने आले. शिक्का माझा आहे, संमती माझी नाही.

अर्जातला मजकूर खोटा आहे का, असं विचारल्यावरून सांगते, की नाही. शब्द न् शब्द खरा आहे. मी त्याच घरात होते. वल्ह्याचा दांडा एकच होता आणि मी मोठी असल्याने आधी माझी पाळी यायची. माझा डावा कान तेव्हापासून कामातून गेला आहे, म्हणून साहेबांना उजवीकडे बसायला सांगितलं. तरी मी आजवर कुणाला खोलीत कोंडलेलं नाही.

अर्जात लिहिलंय की मारामुळे त्याचं मन करपलं आणि आपण काय करतोय याचं त्याला भान उरलं नाही. बाप प्यायला की त्याला खरंच भान नसायचं. समोर येईल त्याला मारायचा, एकदा या प्योदादांनाही मारलं होतं. माझ्या भावाने त्या दिवशी थेंबभर घेतली नव्हती. वाळवणीच्या दोघींना त्याने दहा मिनिटं आधी जेवायला सोडलं, त्या मुलीला गठ्ठे पुन्हा मोजायला थांबवलं आणि कडी आतून लावली. मालकाची मुलगी त्याच कारखान्यात रोज येते, तिच्याकडे मान वर करून कधी पाहिलं नाही. करपलेल्या मनाला माणसं बरोबर ओळखू येतात.

मे महिन्यात मी त्याला तुरुंगात भेटले. तो म्हणाला, "ताई, आपलं घर कसं होतं, तुला तर माहीत आहे. तू सांग ना त्यांना." मी त्या मुलीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "तिचं काय, तिला अख्खं गाव आहे. मला कोण आहे?" ती मुलगी मार्चपासून मावशीच्या घरात दार लावून बसली आहे. गावाने तिच्यासाठी एकही कागद लिहिलेला नाही. मी त्याच्यासाठी लोकरीचे मोजे नेले होते, ते देऊन परत आले.

याआधी असं काही घडल्याचं माहीत आहे का, असं विचारल्यावरून सांगते, की आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, कारखान्यात व्हिएतनामहून आलेली एक बाई दुपारी माझ्या दारात आली. वय पंचवीसच्या आसपास. तिला आमची भाषा तोडकीमोडकी येत होती. गिल-सूने काय केलं ते तिने हातवारे करून सांगितलं आणि मला सगळं समजलं. मी तिला गरम भात वाढला. मग म्हणाले, "बाई, त्याचं लहानपण फार वाईट गेलंय गं. मनावर घेऊ नकोस." वकिलाने हे आत्ता चार पानांत लिहिलं. मी तेव्हा एका वाक्यात उरकलं होतं. ती भात न खाताच उठली आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेली. त्यानंतर माझा भाऊ बारा वर्षं मुकादम होता.

माझ्या मते ती मुलगी आज दार लावून बसली आहे, त्यात माझाही हात आहे. हे वाक्य तपासाच्या कामाचं नाही, असं साहेब म्हणाले. तरी मी ते लिहायला लावलं आहे.

त्या बाईचं नाव काय, असं विचारल्यावरून सांगते, की माहीत नाही. कारखान्यात तिला सगळे "नवी" म्हणत. मी तिला भात वाढला, नाव विचारलं नाही.

हा जबाब साहेबांनी माझ्या उजव्या कानाशी मोठ्याने वाचला. मी सांगितलं तसाच उतरला आहे. त्या बाईचा शोध लागला, तर कोर्टात तिच्यासमोर उभं राहून हेच पुन्हा सांगायला मी तयार आहे.