ज्या पानावर तारीख नव्हती

नासीरभाईंच्या अम्मी, धुरपता मावशी, सरपंच काका, आणि या उन्हात पटांगणात बसलेल्या सगळ्या आयाबायांनो, भावांनो,

बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. माईक मी मागून घेतला. याच हातात गेल्या गुरुवारी लोखंडी गज होता. म्हणून माझ्याकडून गोड शब्दांची वाट पाहू नका. नासीरभाई किती चांगले होते ते आधीच्या लोकांनी सांगितलं. त्यांना कोणी मारलं ते सांगायला मी उभा राहिलो आहे.

बसा. बसा म्हणतो ना! गेटजवळच्या पोट्टेहो, तुम्हालाच म्हणून राह्यलो. तुमच्या गाडीत पेट्रोलचा कॅन आहे, मला माहीत आहे. संग्रामपूरला कोणाच्या घरावर ओतायचा तेही माहीत आहे. माझं बोलणं संपेपर्यंत गाडी चालू करायची नाही. त्यानंतर कोणाला जाळायचं ते ठरवा.

मी अक्षय, किसन टेलरचा मोठा. नांदुऱ्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, अर्धवट टाकलं. काऊन टाकलं ते आपल्या अर्ध्या वरवट गावाला ठाऊक आहे. जिच्यासाठी सकाळची एसटी धरायचो तिचं कॉलेज घरच्यांनी बंद केलं, आणि मग मला त्या एसटीत चढायचं कारणच राहिलं नाही. आई रडायची. तेव्हा स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून एक माणूस ओरडला, "अबे दिवाने, टायपिंग येते का तुले? ये, इकडं बस. रडायचं असन तर टाइप करता करता रड."

ते नासीरभाई.

त्या दुकानातल्या खडखडणाऱ्या कॉम्प्युटरवर आपल्या गावाची वेबसाइट चालायची. बोंडात गुलाबी अळी दिसली तर काय करायचं, कोणती दोन औषधं एका पंपात मिसळायची नाहीत, परवाना नसलेलं चोर बीटीचं पाकीट कसं ओळखायचं. बियाण्याच्या जाहिरातीत शेतकरी हसत असतो. आपल्या वेबसाइटवर कोणी हसत नव्हतं. तिथं किडकं बोंड होतं, आपल्या शिवारातलं, आपल्या माणसाच्या तळहातावर ठेवलेलं.

मी लिहिलेलं पहिलं पान त्यांनी छापून घेतलं आणि मला घेऊन गेले विहाराच्या पायरीवर. तिथं धुरपता मावशी बसलेल्या. म्हणाले, "वाच यांच्यासमोर." मी वाचलं, 'एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या अनुषंगाने...' मावशी म्हणाल्या, "हे कोणाच्या लग्नाची पत्रिका वाचून राह्यला रे?" नासीरभाईंनी तो कागद तिथंच फाडला. मला इतका राग आला होता! म्हटलं, कापूस वेचणारी बाई, पाटी हातात धरली नाही, ती माझं लिखाण तपासणार?

हो, मावशी, असंच म्हटलं होतं मी. मनात.

नासीरभाई म्हणाले, "बेटा, जे यांले कळत नाई ते लिहिलंच नाई असं समज. अन् यांनी इचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पानावर नसन, तर पान टाकायचं नाई." तेव्हापासून प्रत्येक पान आधी मावशींच्या कानावर पडायचं. वर तारीख. खाली कोणी पाहिलं, कोणी लिहिलं, त्याचं नाव. आणि दर अमावस्येला जुनी सगळी पानं उघडून बघायची. कपाशीवर अळीचं पाखरू अमावस्येच्या आसपास अंडी घालतं, हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. भाई म्हणायचे, "जुनं पान बी अंडी घालते, अक्षय. लक्ष ठेव त्याच्यावर."

मी लक्ष ठेवलं नाही.

यंदा कितीतरी वावरात सरकी उगवलीच नाही. माणसं पेटलेली होती. आणि त्याच आठवड्यात मला कळलं, तिचा साखरपुडा ठरला. संग्रामपूरच्या भास्करशेठच्या पोराशी. बियाण्याचं दुकान आहे ना, त्या भास्करशेठच्या.

ती इथं बसली आहे. नाव घेणार नाही.

गुरुवारी भाई प्रिंटर दुरुस्त करायला नांदुऱ्याला गेले होते. दुकानात मी एकटा. जुन्या पानांत मला एक फोटो सापडला. भास्करशेठ आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे, पायाजवळ चोर बीटीच्या पाकिटांचा ढीग. त्या फोटोखाली काय लिहिलं होतं? ऐका. नीट ऐका. लिहिलं होतं, 'हे बोगस बियाणं एक फिरता माणूस आमच्या दुकानात टाकून गेला. आम्ही ते कृषी खात्याच्या ताब्यात देत आहोत. असं पाकीट कोणी देत असेल तर घेऊ नका.' फोटो मागच्या हंगामातला. काढणारे नासीरभाई. त्यांना बोलावून घेणारे स्वतः भास्करशेठ.

मी तो मजकूर वाचला होता. वाचला नव्हता असं म्हणून सुटता येणार नाही मला.

मी फक्त फोटो उचलला. त्यावर लिहिलं, 'आपल्या वावराचा खुनी हाच.' तारीख टाकली नाही. नाव टाकलं नाही. विहाराच्या पायरीवर गेलो नाही. मावशी तिथंच बसल्या होत्या, मला खिडकीतून दिसत होत्या. गेलो असतो तर त्यांनी एकच गोष्ट विचारली असती, जी दर वेळी विचारतात. "कवाचा फोटू हाय हा?" मला ते विचारलेलं नको होतं.

त्याच सकाळी पान टाकलं. दुपारी संग्रामपूरला शेठच्या दुकानासमोर उभं राहायला जागा नव्हती. तुमच्यातले किती जण तिथं होते, मी मोजत नाही. पहिला गज शटरवर मी हाणला. मला बरं वाटलं. खोटं काऊन बोलू, प्रत्येक घावाला बरं वाटलं. वाटलं, शेठच्या पोराचं तोंडच फोडून राह्यलो. वरच्या काचा फुटल्या, पायरीवरचा तराजू रस्त्यावर आला, कोणीतरी पाट्या ओढून पाडल्या. आत शेठ आणि त्यांची म्हातारी आई होती. हे आम्हाला माहीत होतं.

आणि त्यात नासीरभाई घुसले. एसटीतून उतरून थेट. खांद्यावर प्रिंटरची पिशवी. शटरला पाठ लावून उभे राहिले आणि ओरडत राहिले, "फोटो माहा आहे! मागच्या सालचा आहे! शेठनंच काढाले लावला होता!" कोणी ऐकलं? मी ऐकलं. तरी गज उचलला. त्यांनी तो वरच्यावर धरला. माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं. शिवी देतील असं वाटलं. थप्पड मारतील असं वाटलं. मारायला पाहिजे होती. ते एवढंच म्हणाले, "मावशीले वाचून दाखवलं का?"

तेवढ्यात दगड आला. कपाळावर. आवाज अजून माझ्या कानात आहे, कवठ फुटतं तसा.

आता मोबाईलवर फिरतंय की दगड शेठच्या माणसानं मारला. गेटजवळच्या पोट्टेहो, डोकं चालवा! भाईंची पाठ दुकानाकडे होती. जखम कपाळावर आहे. मग दगड कुठून आला? आमच्यातून आला. कोणी फेकला मला दिसलं नाही. पण तो माणूस तिथं माझ्या पानामुळे आला होता.

आणि त्यांना उचलून कोणाच्या गाडीत टाकलं? सगळे पळाले होते. ज्याचं घर तुम्ही जाळायला निघालात, त्याच भास्करशेठच्या पोरानं गाडी काढली. आधी खामगावचा दवाखाना, तिथून अकोल्याचा. मी मागं बसलो होतो, भाईंचं डोकं मांडीवर. तो आरशातून बघत होता. मला म्हणाला, "दाब. रुमाल दाबून धर." तेवढंच. मी तेव्हापासून त्याला शिव्या शोधतोय. सापडत नाहीत.

पुढचे तीन दिवस भाईंनी डोळे उघडले नाहीत, आणि मग गेलेच.

कोणाला तरी ठेचायचंच असेल तर गाडीत पेट्रोल जाळत संग्रामपूरला काऊन जाता? मी इथं उभा आहे. या ना! अम्मी, तुम्ही सांगाल तर हा माईकही खाली ठेवतो. इथून मी ठाण्यात जाणार आहे, सरपंच काका सोबत येतो म्हणाले आहेत.

त्याआधी एक काम राहिलं आहे. भाईंचा नियम होता, चुकलेलं पान पुसायचं नाही. "तू पुसशीन, पण जे लोकाच्या मोबाईलमधी गेलं ते थोडंच वापस येते? त्याच पानावर सगळ्यात वर खरं लिही. अन् कोण चुकला त्याचं नाव लिही." मी लिहून आणलं आहे. टाकण्याआधी वाचून दाखवायचं असतं. मावशी, ऐका.

'या पानावरचा फोटो मागच्या हंगामातला आहे. भास्करशेठ यांनी चोर बीटी विकलं नाही, पकडून दिलं. हे पान खोटं आहे. ते अक्षय किसन याने रागाने आणि जळून लिहिलं. त्यामुळे नासीरभाई गेले.'

समजलं का, मावशी?

काय म्हणता? माईक नाही, जरा मोठ्यानं...

कवाचं?

हो, मावशी. टाकली. वर आजची तारीख टाकली आहे.

मग आता उठा सगळे. गेटजवळचे, तुम्हीही आत या. गाडीची किल्ली अम्मींच्या हातात द्या. आणि खिशातले मोबाईल बंद करा. पावसात मावशी दुकानात येऊन पान ऐकायच्या तेव्हा भाई पंखासुद्धा बंद करायचे, मावशींचा एक शब्द सुटू नये म्हणून. तेवढं शांत राहू या. दोन मिनिटं.

सलाम, भाई.