गोडबोल्यांचा बुलबुल

पक्षिप्रेमाचं माझ्यापुढे काढू नका. साठ-एकसष्टच्या सुमाराला जयनगरात आमच्या शेजारी गोडबोले राहायचे, पुण्याहून इथल्या कारखान्यात आलेले इंजिनिअर. उन्हाळा लागता लागता त्यांच्या दारातल्या जास्वंदीत बुलबुलानं घरटं केलं, आणि पिल्लू निघाल्यावर तर यांना नातू झाल्यासारखंच झालं. घरी येईल त्याला आधी घरटं दाखवायचं, मग चहा. एकदा साहेबांच्या बायकोला पिल्लू नीट दिसेना, म्हणून यांनी कात्री आणून घरट्यावरच्या दोन फांद्याच छाटल्या.

घरमालकीण पद्माक्का. त्यांचं मराठी घराणं इथं कानडी मुलखात तीनशे वर्षांचं, त्यामुळे पुण्याच्या ज्ञानाला त्या बिचकत नसत. त्या म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प झाकलेलं असू दे की."

"अक्का, हे शास्त्रीय निरीक्षण आहे."

रविवारी आम्ही अंगणात असताना समोरच्या तारेवर शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, येऊन बसला. गोडबोल्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि आम्हाला दटावलं, "कुणीही हलायचं नाही. इतक्या जवळून शिक्रा नशिबानं दिसतो."

आम्ही हललो नाही. शिक्रा मात्र हलला. सरळ जास्वंदीवर उतरला आणि पिल्लू घेऊन गेला.

गोडबोल्यांचा चेहरा पडला. "अक्का, त्याला कसं हो कळलं?"

पद्माक्का पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गावभर दाखवलंत की, अण्णा. तोच एक राहिला होता. बिचारा चहा न घेताच गेला."