भरतीला सोडलेल्या बाहुल्या

गिरिजा: आधी चहा घ्या. मग काय ओरडायचं ते ओरडा.

उत्तम: मी ओरडलोय का?

गिरिजा: तेच तर. ओरडा एकदाचे. हे असं शोकेससमोर खांबासारखं उभं राहू नका, मला कसंतरीच होतं.

उत्तम: इथे हे स्टीलचे ग्लास कुणी ठेवले?

गिरिजा: मी. तुमच्याच कारखान्यातले आहेत, दिवाळीला मिळाले होते ते. पॉलिशसुद्धा तुमच्याच हातचं असेल. चमकतायत बघा कसे. आल्या माणसाला सांगता तरी येतं.

उत्तम: आणि माझा खोका? तुझ्या भावाकडे नेलास का, बबनकडे? अगं, मी भरणारच होतो. रात्रपाळीला जाताना पलंगाखालून काढून ठेवला होता, गुंडाळायला जुनी चादर ठेवली होती. म्हटलं सकाळी येतो, आंघोळ करतो, निवांत भरतो. पाहुणे बारापर्यंत येणार म्हणालीस ना?

गिरिजा: खोका गॅलरीत आहे.

उत्तम: रिकामा?

गिरिजा: चहा थंड होतोय तुमचा.

उत्तम: गिरिजा, बाहुल्या कुठायत?

गिरिजा: खाडीवर नेल्या.

उत्तम: खाडीवर काय?

गिरिजा: सोडल्या. काल संध्याकाळी, तुम्ही पाळीला गेलात आणि रिक्षा केली. कचऱ्यात टाकवेना मला. डोळे असलेली वस्तू कचऱ्यात टाकतात का कधी? देव जुने झाले, तडा गेला, की आपण पाण्यातच सोडतो ना? तसंच केलं. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. हात जोडले. म्हटलं, बायांनो, माझा नाइलाज आहे, माझ्या लेकीचं होऊ दे. पाणी काठाला लागलं होतं, अजून चढत होतं. मला बरंच वाटलं, म्हटलं एवढं पाणी आहे तर पटकन जातील. आमच्या गावच्या नदीत कसं, सोडलं की गेलं.

उत्तम: सगळ्या?

गिरिजा: सगळ्या.

उत्तम: सावंतवाडीची लाकडी? जिचा हात मी बसवला होता ती?

गिरिजा: अहो, सगळ्या म्हणजे सगळ्या.

उत्तम: आणि सावित्रीबाई?

गिरिजा: कोण? मासळीवाली?

उत्तम: तिचं लुगडं नेसलेली. डोक्यावर पाटी असलेली. तिने सासूच्या लुगड्याचा काठ दिला होता मला, हिरवा. त्याची नेसवली होती. दारात पायरीवर बसून शिवली, तेव्हा ती समोरच बसली होती बोंबील विकायचे सोडून. म्हणाली, ही तर मीच.

गिरिजा: तीपण गेली. आता नावं घेऊ नका एकेकीची. माझ्याच्याने ऐकवत नाही.

उत्तम: बाबांनी एक जाळली होती. जत्रेत घेतलेली, चिंधीची. न्हाणीच्या चुलीत घातली माझ्यादेखत. म्हणाले, आता काय बांगड्या भरशील. तेव्हा मी चौथीत होतो. वाटलं होतं, मोठा झाल्यावर, आपलं घर झाल्यावर कोण जाळणार?

गिरिजा: मी जाळल्या नाहीत हो! माझी तुलना त्यांच्याशी करू नका. मी हळदकुंकू लावून सोडल्या.

उत्तम: हो. बरोबर.

गिरिजा: हे तुमचं "बरोबर" मला नको. भांडा माझ्याशी. तुम्हाला काय वाटतं, मला हौस होती? इतकी वर्षं कुणी सांभाळलं? तुम्ही मशीनवर बसून झबली शिवायचात तेव्हा पडदा कोण ओढायचं? सलोनीच्या गॅदरिंगचा घागरा तुम्ही शिवलात, सगळ्या बिल्डिंगने कौतुक केलं, मी म्हटलं मी शिवला. चार बायका शिकवा म्हणाल्या. मला साधी हातशिलाई धड येत नाही! डोळे आलेत म्हणून सांगितलं शेवटी.

उत्तम: मी म्हटलं होतं खरं सांग म्हणून.

गिरिजा: काय खरं सांगू? नवरा दिवसभर कारखान्यात भांडी घासून काळा होऊन येतो आणि संध्याकाळी बाहुल्यांच्या वेण्या घालतो? हे सांगू? अहो, ते नालासोपाऱ्याचे लोक सलोनीला बघायला आले तेव्हा काय केलंत तुम्ही? मुलाच्या काकीने नुसतं विचारलं, या कुणाच्या हो? सलोनीच्या म्हणून मोकळं व्हायचं. तुम्ही म्हणालात, माझ्या. आणि उठून एकेक काढून दाखवायला लागलात. हिचे केस असे, हिची नथ मी केली. ती बाई माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन. मुलगी छान आहे म्हणे, पण त्या घरात पुरुष कोण आहे?

उत्तम: हे तू मला सांगितलं नव्हतंस. पत्रिका जमत नाही म्हणाली होतीस.

गिरिजा: कसं सांगू?

उत्तम: समोरच्या खन्नांकडे दारूच्या रिकाम्या बाटल्या आहेत शोकेसमध्ये. त्यात मनीप्लांट लावलेत. त्यांच्याकडे गेलं की तेच दाखवतात, ही सिंगापूरची, ही दुबईची. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली.

गिरिजा: बाटल्या पुरुषाला शोभतात.

उत्तम: शोभतात.

गिरिजा: मी नाही ठरवलं हे! मला विचारून ठरवलंय का जगाने? खालच्या मजल्यावरची ती छोटी भूमिका यायची तुमच्याकडे, बाहुली नटवायला. तिच्या आईने येणं बंद केलं. का केलं ठाऊक आहे?

उत्तम: ठाऊक आहे. म्हणून तर ती आली की मी दार सताड उघडं ठेवायचो. पंखासुद्धा बाहेरच्या खोलीतलाच लावायचो.

गिरिजा: तुम्हाला कळलं होतं?

उत्तम: मी खुळा आहे का? पोरगी जिन्यात भेटली की काका म्हणायची आणि आई तिचा हात ओढायची. पण मग मध्ये बरं वागायला लागले गो ते. भूमिकाच्या आजोबांनी एकदा गेटवर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, देवाची मर्जी. मला वाटलं, गावी आई गेली त्याबद्दल म्हणतायत.

गिरिजा: आईंबद्दल नव्हतं ते.

उत्तम: मग?

गिरिजा: मी सांगितलं होतं त्यांना. सलोनीच्या आधी एक मुलगी होती आपल्याला म्हणून. सहा महिन्यांची होऊन गेली. तेव्हापासून हे बाहुल्या जमवतात, मनाला लागलंय त्यांच्या.

उत्तम: गिरिजा.

गिरिजा: काय करू मग! भूमिकाच्या आईची नजर बघितली होती का तुम्ही? पोलिसांचं नाव काढत होती. मी म्हटलं मुलगी गेली, आणि एका मिनिटात तिच्या डोळ्यांत पाणी. मला पाणी दिलं प्यायला. म्हणाली, ताई, आधी सांगायचं ना.

उत्तम: म्हणजे आपलं एक मूल मेलेलं असतं तर चाललं असतं.

गिरिजा: चाललं असतं. हो, चाललं असतं! तुमच्याकडे कारणच नाही ना काही. मी किती वेळा विचारलं, का आवडतात? तर म्हणे, आवडतात. एवढंच. आवडतात एवढ्यावर कोण सोडतं माणसाला? माझ्या स्वतःच्या बहिणीने मला बाजूला घेऊन विचारलंय, तुमचं सगळं नीट आहे ना म्हणून. सलोनी झाली म्हणून, नाहीतर काय दाखवणार होते मी तिला?

उत्तम: रडू नको. चेहरा सुजेल, पाहुणे येतील.

गिरिजा: तुम्ही नका सांगू मला रडू नको म्हणून.

उत्तम: सलोनीला माहितेय?

गिरिजा: ती पार्लरमध्ये गेलीय खाली.

उत्तम: ते नाही विचारलं मी.

गिरिजा: पिशवी तिच्या मांडीवर होती. रिक्षात.

उत्तम: काही बोलली?

गिरिजा: जाताना नाही. एक बाहुली वर आली होती, तिचा हात सारखा पिशवीतून बाहेर येत होता, तो ती आत ढकलत होती. पाण्याशी गेल्यावर माझ्याच्याने सोडवेना. तर तिने सोडल्या. आणि परत येताना म्हणाली, आई, आता तरी होईल ना?

उत्तम: बरं.

गिरिजा: अहो, लहानपणापासून ऐकतेय ती. शाळेत मुलं तिला म्हणायची, तुझे पप्पा घर-घर खेळतात. तिने कधी एकीला हात लावला का सांगा. तुम्ही वाढदिवसाला दिलीत तर तशीच शोकेसमध्ये ठेवून दिली.

उत्तम: बरं म्हटलं ना मी. कुठला शर्ट घालू?

गिरिजा: काय?

उत्तम: पाहुण्यांसमोर. कुठला घालू?

गिरिजा: निळा. इस्त्री करून ठेवलाय. बबन त्यांना स्टेशनवरून आणणार आहे, रिक्षात बसले की मिस कॉल देईल. आणि ऐका, आवडनिवड विचारली तर मॅच बघतो म्हणा.

उत्तम: मला क्रिकेट कळत नाही.

गिरिजा: कुणाला कळतं? टीव्हीसमोर बसून आरडाओरडा केला की झालं. मुलाच्या वडलांना आवड आहे म्हणे. तुम्ही नुसती मान हलवा.

उत्तम: हलवतो.

गिरिजा: रागावलात?

उत्तम: नाही गो. रागावून कुणावर रागावू?

(दुपार. बैठकीच्या खोलीत पाहुणे बसले आहेत. बेल वाजली म्हणून उत्तम बाहेर आला आहे. पाठीमागे दार ओढून जिन्याशी उभा आहे.)

सावित्री: बरां झाला तुमीच आयलाव भाऊ. म्हावरां न्हाय आनलां आज. ह्यां बघा काय आनलां.

उत्तम: हळू बोला, बाई. आत पाहुणे आहेत.

सावित्री: पाव्हने? पोरीला बघायला? मंग बरां हाय. मी लगेच जाते. पन आदी ही घ्या. सकाली खाडीवर गेलते मी. सगल्या तुमच्या बावल्या चिखलान पडलेल्या! मना वाटलां चोरी झाली तुमच्या घरान. चोर तरी कसला, त्याला भरती-ओहोटी कलत न्हाय. भरतीला सोडलेलां जातंय कुटं? पानी आत घेऊन येतां न् ओहोटीला चिखलान टाकून जातां.

उत्तम: कुणी बघितलं?

सावित्री: समद्यांनी बघितलां. कपालाला हलदकुकू ना त्यांच्या! लोकं घाबरली. कोन बोलतंय करनी केली, कोन बोलतंय अंगावरचा उतरून टाकलाय. कोनी हात लावीना. मी बोलले, अरे, करनी न्हाय, आमच्या भाऊच्या बावल्या हायेत त्या. माजां कोन ऐकतंय? पोरांनी घासलेट आनलां न् ओतलां.

उत्तम: जाळल्या?

सावित्री: सगल्या जाल्ल्या. ही तेवढी दगडाच्या आड व्हती. हिरवा काठ दिसला, वलखलां मी. माज्या सासूचां लुगडां ह्यां. नलावर धुतली, केस पन धुतलं. ओली हाय अजून, पन डोलं शाबूत हायेत. घ्या.

उत्तम: (ओढलेल्या दाराकडे वळून बघतो.)

सावित्री: घ्या ना. असां काय बघतां?

गिरिजा: अहो, कोण आहे? आत या ना. पाहुणे विचारतायत, मॅच बघता का म्हणून.

उत्तम: आलो! ... ही आमची नाही, बाई.

सावित्री: काय बोलतां?

उत्तम: आमच्याकडे कोण बाहुल्या ठेवणार? मुलगी लग्नाची झाली. दुसऱ्या कुणाची असेल.

सावित्री: भाऊ, हिथंच पायरीवर बसून शिवलाव तुमी. माज्यासमोर. मी बोलले व्हते, ही तर मीच.

उत्तम: चुकतंय तुमचं काहीतरी.

सावित्री: …बरां. चुकत असल. मंग हिला मी घेऊन जाऊ?

उत्तम: जा घेऊन.

सावित्री: जाते.

उत्तम: बाई, पाटीत पालथी नका ठेवू तिला.

सावित्री: न्हाय ठेवत.

गिरिजा: कोण होतं हो?

उत्तम: कुणी नाही. मासळीवाली. आज नको म्हटलं तिला.