मिलिमीटर साहेबांची पुस्तकं

नको नको, तो जाडा ठोकळा नको उचलूस, पाठ धरेल तुझी. येतो तो आधी त्याच्यावरच झडप घालतो — चकचकीत कागद, पानभर फोटो, आणि त्या फोटोतल्या घरात माणूस दिसेल तर शपथ! अगं, एक चप्पल नाही, एक ओला टॉवेल नाही, औषधाची बाटली नाही. माणसं काय फोटो काढेपर्यंत गच्चीत उभी केली होती का? ह्यांनी ते कुठे ठेवलं होतं माहितेय? घर बांधायला आलेला माणूस बसतो ना, बरोबर त्याच्या समोर. चार पानं उलटली की त्याचं निम्मं बोलणं बंद — 'मोरी कुठे', 'पाणी कुठे जाणार' हे विचारायचं धाडसच व्हायचं नाही बिचाऱ्याचं. ते पुस्तक हाताशी ठेवायचं नसतं, समोरच्याच्या हातात द्यायचं असतं.

कॉलेजच्या फळ्यावरची, पुस्तकं द्यायची आहेत ती चिठ्ठी वाचून आलीस ना? शेवटचं वर्ष — हं — आणि पुढे नोकरीतही उपयोगी पडतील अशी चार-दोन हवीत. मग मी सांगते तसं कर. नावं बघू नकोस, डाग बघ. हसतेस काय? खरंच सांगते. ज्याच्यावर चहाच्या कपाची वर्तुळं आहेत, ज्याची पाठ फाटून चिकटपट्टी लागलीये, ते कामाचं. जे कोरं करकरीत आहे ते पाहुण्यांसाठी. ह्या कपाटात पाहुण्यांसाठीचीच जास्त आहेत, ते सोड. मी काही आर्किटेक्ट नाही, आर्किटेक्टची बायको आहे — म्हणजे त्यांनी रेघा ओढायच्या आणि मी त्यांच्यात राहायचं.

हे ने. हे चांगलंय — लाकडाचे सांधे, जिन्याचे कठडे, खिडकीतून पाणी आत का येतं, सगळं चित्रं काढून दाखवलंय. आमच्या खिडकीतून येतं ते बघू नकोस, ती खिडकी 'वेगळी' आहे. वेगळी म्हणजे काय हे मी अजून विचारतेय, बाई. आणि ह्या नियमांच्या पुस्तकांना हात लावू नकोस. नियम सारखे बदलतात, जुनं घेऊन काय करशील? ह्यांनी मात्र सगळी जपून ठेवलीत — कुठल्या तरी जुन्या नियमाप्रमाणे आपण बरोबर होतो हे दाखवायला. भांडणात बरी पडतात.

आणि हे — अगं, हे बघच! मापांचं पुस्तक. हा हात वर केलेला माणूस बघितलास? उभा, बसलेला, वाकलेला, टांगलेला — सगळ्या सोयी ह्याच्या उंचीप्रमाणे. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या ह्या गृहस्थाच्या हाताला येतात. माझ्या नाही. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून मी स्टुलावर चढून डबे काढते, आणि तक्रार केली की हे पुस्तक पुढे! 'माप बरोबर आहे,' म्हणायचे. म्हणजे चुकलेय मी. ह्या बाप्याला एकदा सांगावंसं वाटतं, ये की रे बाबा, डबे तरी काढून दे. पण ने हो तू, पुस्तक उत्तम आहे. फक्त एक कर — ज्याच्यासाठी घर काढशील त्याला आधी उभं करून बघ. हे कधी कोणाला उभं करून बघायचे नाहीत. टेप मात्र सतत खिशात, लग्नकार्यातसुद्धा. गवंडी ह्यांना काय म्हणायचे ठाऊक आहे? मिलिमीटर साहेब. तोंडावर नाही — तोंडावर 'साहेब', पाठीमागे 'मिलिमीटर'. मला कळल्यावर मी इतकी हसले की ह्यांनी दोन दिवस अबोला धरला.

ते छोटं निळं? नाही, ते राहू दे. ते — ठेव म्हटलं ना खाली. तसं नाही गं, रागावले नाही. ते खरं तर सगळ्यांत हाताशी ठेवण्यासारखं. पुढची पानं बघ, तेल लागलंय, शाई सांडलीये. आणि शेवटची? उघड. उघड, काही होत नाही. बघ, चिकटलेली आहेत अजून. कधी उघडलीच नाहीत. त्यांत काय आहे ते अनुक्रमणिकेत वाच — म्हातारी माणसं, आजारी माणसं, चाकाची खुर्ची — दार किती रुंद, वळायला किती जागा. ह्यांना ती माणसं आवडायचीच नाहीत, नकाशा बिघडवतात म्हणायचे.

आता माझ्या मागे बघ. त्या तीन पायऱ्या. दिसायला छान आहेत की नाही? दिवाणखाना वर, झोपायची खोली खाली — 'एका मजल्यात दोन उंच्या, घराला मजा येते' म्हणायचे. आली मजा. पावसाळ्याआधी त्यांच्यावरूनच पडले, स्वतःच्याच पायऱ्यांवरून, आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं, चाकाची खुर्ची आली — आणि तेव्हापासून खाली त्या खोलीत आहेत. वर आले नाहीत. हे टेबल इथे, हे कपाट इथे, तुझ्यासारखी पोरं यायची ती इथे. शेजारचे दोघं म्हणाले, आम्ही उचलून आणतो सर. तर म्हणाले, मी पार्सल नाही. मी ताट घेऊन खाली जाते तर म्हणतात, तू वर जाऊन जेव. मी वर बसते आणि भांड्यांशी बोलते. किती बोलायचं माणसाने भांड्यांशी?

मी म्हटलं, पायऱ्या फोडू, उतार घालू. तर भिंतीकडे तोंड फिरवलं. आणि परवा सकाळी म्हणतात, पुस्तकं देऊन टाक कोणाला तरी, मला काय करायचीत. शांतपणे म्हणाले गं. ओरडले असते तर चाललं असतं. माझ्या वडिलांनी असंच सगळं वाटून टाकायला काढलं होतं, घड्याळ, कोट, छत्री — आणि मग — म्हणून मला भीती वाटते. झालं, बोलले मी. तुला बोलवून हे सांगायचं नव्हतं मला.

हळू कशाला बोलू? कान शाबूत आहेत त्यांचे, दारही उघडं आहे. उद्या गवंडी येतोय. हो, बोलावलाय मी, त्यांना न विचारता! त्याला सांगणार, पायऱ्यांवर उतार घाल, सहा फुटांत बसव. मान काय हलवतेस? बसेल की. पायरीला दोन फूट, तीन पायऱ्यांना सहा, सरळ हिशेब आहे. मला नको सांगूस पुस्तकातलं, पुस्तकातलं ऐकूनच आयुष्य गेलंय माझं. उभा झाला तर झाला उभा, सहा म्हणजे सहा —

काय?

अहो, काय म्हणालात? मोठ्याने बोला, ऐकू येत नाही वर.

अठरा? अठरा फूट कुठून आणू मी? — हां, भिंतीच्या कडेने वळवून. — काय? घसरगुंडी कोणाला?

ऐकलंस? ऐकलंस ना तू? 'सहा फुटांत मला काय घसरगुंडीवरून खाली ढकलणार आहेस?' — मला म्हणाले. मला.

ऊठ. नाही, पुस्तकं राहू देत सगळी, ते सांध्यांचंही ठेव — आज एकही द्यायचं नाही. टेबलावरची ती टेप घे आणि खाली जा त्यांच्याकडे. म्हणावं, सर, मापं सांगा, मी लिहून घेते. चपला राहू देत पायात. मी नाही येत. मी आले की माझ्याशी भांडत बसतील आणि माप राहील बाजूला. माझ्याकडे काय बघतेस? जा म्हटलं ना, जा.