मीठ-कोळशाचा खड्डा

नाव: नीला उत्तम हिवाळे, वय ३१ वर्षे, धंदा: कॉम्प्युटर क्लास, राहणार: खोली नं. ३, तळमजला, शांताई चाळ, डोंबिवली पूर्व. दि. २१/०२/१९९६

विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, मी घराच्या पुढच्या खोलीत एका कॉम्प्युटरवर सात मुलींना शिकवते. मी करणी केली, असा अर्ज शेजारच्या केशरबाई म्हात्रे यांनी दिला आहे. तो खोटा आहे.

दि. १५ रोजी सकाळी अकरा वाजता केशरबाईंची मुलगी चित्रा हिला कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याचा झटका बसला. ती हसली, मी मात्र हादरले. वायरमन विश्राम यांनी बोर्ड उघडला. अर्थिंगची वायर प्लास्टरमागे कापून सोडलेली होती. मशीन जळाले असते तर दुसरे आणले असते. पोरगी कुठून आणणार होते?

रविवारी क्लास बंद असतो, म्हणून दि. १८ रोजी विश्राम यांनी नव्या अर्थिंगसाठी मागच्या भिंतीलगत पुरुषभर खड्डा खणून तांब्याची पट्टी उभी केली, तिची वायर बोर्डाला जोडली, भोवती मीठ-कोळशाचे थर दिले व पाणी ओतले. त्या दिवशी अमावस्या होती, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. केशरबाईंनी खिडकीतून विचारले, "काय गो नीला, अवसेला मीठ-कोळसा पुरतेस? कुणाच्या नावानं?"

मी चिडून म्हणाले, "तुमच्या फ्रीजच्या!" हे मी बोलायला नको होते. त्यांच्या फ्रीजलाही झटका येतो, म्हणून त्यांनी त्यावर लिंबू-मिरची बांधली आहे. आमच्याकडे लिंबू सरबतापुरतेच येते.

दुसऱ्या दिवसापासून चित्राचे येणे बंद झाले. तिची परीक्षा आठ दिवसांवर आहे व सातजणींत तीच हुशार आहे. याचे मला फार वाईट वाटले.

आज सकाळी हवालदार साहेब खड्डा उकरायला आले. उकरण्याआधी विश्राम यांनी बल्बची एक वायर बोर्डात व दुसरी खड्ड्यातल्या पट्टीला लावली. बल्ब लागला.

केशरबाई म्हणाल्या, "मिठानं दिवा पेटला?"

"काकू, करंट जमिनीत गेला," विश्राम म्हणाले. "त्या दिवशी तो तुमच्या पोरीच्या अंगातून गेलेला."

केशरबाई चपला काढून आत आल्या, चालू कॉम्प्युटरच्या डब्यावर सगळा तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग बाहेर हाक मारली, "चित्रा, ये गो. बस."

खड्डा उकरला नाही. माझी केशरबाईंविरुद्ध तक्रार नाही. खड्डा ओला ठेवावा लागतो. आजचे पाणी त्यांनी घातले.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच लिहिले आहे, म्हणून सही करते.