मामांचा कूलर

मनिषाचा हिशेब सरळ होता. प्रोसेसर नेहमीपेक्षा जरा जास्त वेगानं पळवला, तर लग्नाचा व्हिडिओ चार तासांऐवजी साडेतीन तासांत तयार होणार आणि पावणेपाचच्या कंधार बसनं ती माहेरी जाणार. घरी कॉम्प्युटरपाशी सासरे अण्णाराव बसले होते, आणि शेजारी व्हिडिओ न्यायला आलेला नवरीचा भाऊ. तिच्या फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळं लातूर स्टँडवरची आमची सगळी रांग ऐकायच्या कामाला लागली होती.

"मामा, किती झालं?"

"ब्याण्णव टक्के. अजून जरा वेग वाढवायचा का?"

"नका हो! सकाळपासून एकेक पायरी चढवून बघितली. चौथीला बंदच पडला, म्हणून तिसरीवर ठेवलाय."

"विहिरीवरची मोटर न्हाई का लई पळवली आपण?"

"ती दोनदा जळली, मामा. तिचं वाइंडिंग तरी करून मिळालं. याचं मिळत न्हाई. ताप किती दाखवतोय?"

"ब्याऐंशी."

"कूलरचं तोंड त्याच्याकडंच हाय ना?"

"हाव. पाणी बी न्हाई घातलं, तू सांगितलं तसं."

"अन् तुम्हाला गरम होत असंल."

"माझा ताप कोण मोजून राहिलंय! बनियन बी काढून बसलोय."

"मामा, स्पीकर चालू हाय."

"असू दे. लोकांना बी कळू दे."

"अगं बाई, बस लागली!"

"थांब. नव्याण्णव... शंभर! घे, पेनड्राइव्ह काढून दिला नवरीच्या भावाला."

"आता कूलर तुमच्याकडं फिरवा, मामा."

"फिरवला."

"लागतंय का वारं?"

"लाइट गेली, पोरी."